पूर्वसिद्ध विधाने : माहितीभांडाराला प्रश्न विचारण्याची निर्धोक रीत

१. मागणीपत्र आणि कोरा कागद

एका मोठ्या ग्रंथालयाची कल्पना करू. ग्रंथ तळघरातील भांडारात ठेवलेले आहेत आणि तेथील भांडारपाल वरच्या मजल्यावरून आलेल्या चिठ्ठीप्रमाणे ग्रंथ काढून देतो. चिठ्ठीत जे लिहिले असेल ते करावयाचे, एवढेच त्याचे काम. वाचकाला तो कधी पाहत नाही, आणि चिठ्ठीतील कोणता शब्द कोणाचा याची चौकशीही करीत नाही.

वरच्या मजल्यावर एक लेखनिक बसतो. वाचक जे सांगेल ते तो कोऱ्या कागदावर उतरवून घेतो, त्याखाली ग्रंथालयाचा शिक्का मारतो आणि कागद खाली पाठवितो. वाचकाने लेखकाचे नाव सांगितले तर सारे सुरळीत होते. परंतु एखाद्याने लेखकाच्या नावापुढेच "आणि सर्व सभासदांच्या पत्त्यांची वहीही द्यावी" असे सांगितले, आणि लेखनिकाने तेही निमूटपणे उतरवून घेतले, तर काय होईल? भांडारपालाच्या दृष्टीने ती ग्रंथालयाची अधिकृत आज्ञाच होय. वही वर येईल आणि परक्याच्या हाती पडेल.

आता कोऱ्या कागदाऐवजी छापील मागणीपत्र वापरले असे समजू. "………… या लेखकाचे ग्रंथ द्यावेत" एवढीच आज्ञा त्यावर छापलेली आहे आणि नावापुरती जागा मोकळी ठेवली आहे. लबाड वाचकाने त्या जागेत तीच सगळी मागणी लिहिली, तरी भांडारपाल इतकेच समजेल, की एवढ्या लांबलचक नावाचा कोणी लेखक आहे. असा लेखक भांडारात नसल्यामुळे तो चिठ्ठी रिकाम्या हाती परत पाठवील. आज्ञा छापील आहे आणि भरलेला मजकूर ही केवळ माहिती आहे. माहितीची आज्ञा होऊ शकत नाही.

संगणकावरील माहितीभांडाराला, म्हणजे डेटाबेसला, प्रश्न विचारण्याच्या ज्या रीतीला 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' किंवा पूर्वसिद्ध विधान म्हणतात, तिचे सारे मर्म या मागणीपत्रात आहे. पीएचपी ही वेबवरील एक फार प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषा असून मायएसक्यूएल हे तिच्या जोडीने वापरले जाणारे डेटाबेस आहे. या दोहोंच्या आधारे प्रस्तुत पाठात त्या रीतीची ओळख करून घेऊ.

२. डेटाबेस आणि त्याची भाषा

माहिती कोष्टकांच्या रूपाने साठवावी आणि कोष्टकांमधील संबंधांवरून हवी ती माहिती काढून घ्यावी, ही कल्पना एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली आयबीएम कंपनीत काम करीत असताना मांडली. त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने तिला मान्यता दिली.

या भाषेतील एक साधे विधान पाहू. तिचे शब्द इंग्रजी आहेत. येथे ते देवनागरीत लिहिले आहेत.

सिलेक्ट नाव, पत्ता फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = 'जोशी'

'सभासद या कोष्टकातून, ज्यांचे आडनाव जोशी आहे त्यांची नावे व पत्ते निवडून द्या', असा याचा अर्थ. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. 'जोशी' हा शब्द दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये आहे. कोठून कोठपर्यंत माहिती आहे आणि कोठे आज्ञा आहे, हे डेटाबेसला या चिन्हांवरूनच कळते. अवतरणचिन्ह ही आज्ञा व माहिती यांच्यामधील भिंत होय. पुढील सर्व विवेचन या भिंतीविषयी आहे.

पीएचपी भाषेचा आरंभ रासमुस लेरडोर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या वेब पानासाठी केला आणि १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. मायएसक्यूएलचा जन्मही १९९५ चाच. आपल्या दृष्टान्तात बोलावयाचे तर पीएचपी प्रोग्रॅम हा वरच्या मजल्यावरील लेखनिक आणि मायएसक्यूएल हा तळघरातील भांडारपाल.

३. शब्द जोडण्याची रीत आणि तिचे दोष

आरंभीच्या काळात बहुतेक प्रोग्रॅम कोऱ्या कागदाच्या रीतीने लिहिले जात. विधानाचा पहिला भाग, त्याला जोडून वाचकाने पडद्यावरील चौकटीत भरलेला शब्द, आणि शेवटी बंद करणारे अवतरणचिन्ह, असे तीन तुकडे एकापुढे एक ठेवून विधान तयार केले जाई. 'जोशी' या शब्दाने काहीच बिघडत नाही. परंतु गोव्यात आणि वसईच्या परिसरात सर्रास आढळणारे डिसूझा हे आडनाव घ्या. रोमन लिपीत ते लिहिताना पहिल्या 'डी' अक्षरानंतर पुष्कळदा वरच्या बाजूस एक लहानशी खूण करतात. आणि ही खूण म्हणजेच एसक्यूएलमधील अवतरणचिन्ह. शब्द जोडून होणारे विधान असे दिसते :

सिलेक्ट नाव, पत्ता फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = 'डि'सूझा'

डेटाबेसला वाटते, की माहिती 'डि' येथेच संपली. पुढील 'सूझा' हा शब्द त्याच्या व्याकरणात कोठेच बसत नाही, म्हणून तो विधान नाकारतो. कोणताही दुष्ट हेतू नसलेल्या माणसाला केवळ स्वतःचे खरे नाव लिहिल्यामुळे नोंदणी करता येत नाही! दोष नावात नाही, विधान रचण्याच्या रीतीत आहे.

जी गोष्ट डिसूझांच्या हातून नकळत घडते, तीच दुसरा कोणी जाणूनबुजून घडवू शकतो. आडनावाच्या चौकटीत एखाद्याने पुढील अक्षरे भरली असे समजा :

क' ऑर 'अ' = 'अ

जोडून झालेले विधान असे होईल :

सिलेक्ट नाव, पत्ता फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = 'क' ऑर 'अ' = 'अ'

व्याकरणाच्या दृष्टीने हे विधान निर्दोष आहे. 'ज्यांचे आडनाव क आहे, किंवा अ बरोबर अ आहे', अशी आता अट झाली. अ हा अ च्या बरोबर नेहमीच असतो. म्हणजे अट प्रत्येक सभासदाला लागू पडते, आणि सर्वांची नावे व पत्ते पडद्यावर येतात. भिंत फोडून माहितीच्या जागेतून आज्ञेच्या जागेत शिरण्याच्या या युक्तीला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ च्या डिसेंबरमध्ये जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने लिहिलेल्या एका लेखात तिची पहिली जाहीर चर्चा झाली, असे सामान्यतः मानले जाते.

४. जुना उपाय

या संकटावर सुचलेला पहिला उपाय म्हणजे धोकादायक खुणेच्या आधी एक तिरपी रेघ घालणे. ही रेघ असली म्हणजे पुढील खूण भिंतीचा भाग नसून साधे अक्षर आहे, असे मायएसक्यूएल समजते. पीएचपीमध्ये तर वाचकाकडून आलेल्या सर्व मजकुरात अशा रेघा आपोआप घालण्याची सोय पुष्कळ वर्षे होती. हेतू चांगला होता. परंतु जो मजकूर डेटाबेसकडे जावयाचाच नव्हता त्यातही रेघा पडत, आणि पडद्यावर डिसूझांच्या नावामध्ये भलतीच तिरपी रेघ उमटे. ही सोय २००९ मध्ये त्याज्य ठरविण्यात आली आणि २०१२ मध्ये पीएचपीच्या ५.४ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली.

रेघ घालण्याचे काम प्रोग्रॅमरने स्वतः केले तरी अडचण राहतेच. शंभर ठिकाणी आठवणीने रेघा घातल्या आणि एके ठिकाणी विसरल्या, तर भिंतीला एक भोक राहते. आणि शिरणाऱ्याला एक भोक पुरेसे असते. शिवाय जेथे अवतरणचिन्हांविना केवळ अंक लिहिला जातो, तेथे चिन्हांपुढे रेघा घालून काहीच साधत नाही. म्हणून भिंतीची डागडुजी करण्यापेक्षा आज्ञा आणि माहिती मुळातच निरनिराळ्या मार्गांनी पाठविणे हे अधिक शहाणपणाचे ठरते.

५. विधान सिद्ध करण्याच्या पायऱ्या

मायएसक्यूएलच्या ४.१ या आवृत्तीपासून पूर्वसिद्ध विधानांची सोय झाली. पीएचपीच्या ५ व्या आवृत्तीबरोबर, म्हणजे २००४ साली, तिचा उपयोग करणारा 'मायएसक्यूएलआय' हा भाग आला. त्यातील पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी : आरंभ. डेटाबेसशी जोडणी झाल्यावर 'स्टेटमेंट इनिट' या क्रियेने विधानासाठी एक रिकामी वस्तू निर्माण करतात. अजून तिच्यात काहीही मजकूर नाही. छापखान्यात कोरा कागद आणून ठेवावा, तसे हे आहे. या स्थितीत तिच्याकडून दुसरे कोणतेही काम करून घेता येत नाही. पुढील पायरी विसरून मूल्ये भरू पाहणाऱ्याच्या पदरी चूकच येते.

दुसरी पायरी : सिद्धता. 'प्रिपेअर' या क्रियेला विधानाचा मजकूर देतात. त्यात मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे असतात :

सिलेक्ट नाव, पत्ता फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = ?

हा मजकूर डेटाबेसकडे जातो. डेटाबेस त्याचे व्याकरण तपासतो, त्याचा अर्थ लावतो, आणि विधानाला एक क्रमांक देऊन तो क्रमांक, मोकळ्या जागा किती आहेत आणि उत्तरात किती रकाने येतील, हे परत कळवितो. आज्ञेचा अर्थ या क्षणी कायमचा ठरला. वाचकाचे एकही अक्षर अद्याप डेटाबेसपर्यंत पोहोचलेले नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची.

पहिल्या दोन पायऱ्या एकत्र करून जोडणीवरूनच थेट 'प्रिपेअर' करण्याचीही सोय आहे, आणि व्यवहारात बहुधा तीच वापरतात. परंतु दोन्ही पायऱ्या निराळ्या पाहिल्या म्हणजे रिकामी वस्तू आणि सिद्ध झालेले विधान यांतील फरक ध्यानात येतो.

तिसरी पायरी : बांधणी. 'बाइंड पॅराम' या क्रियेने प्रत्येक प्रश्नचिन्हाशी एकेक चल, म्हणजे व्हेरिएबल, बांधतात. कोणत्या जागी कोणत्या जातीचे मूल्य येणार हे एकेका रोमन अक्षराने सांगावयाचे असते : पूर्णांकासाठी 'आय', दशांश संख्येसाठी 'डी', मजकुरासाठी 'एस' आणि चित्रासारख्या मोठ्या द्विमान माहितीसाठी 'बी'. अक्षरे, चल आणि प्रश्नचिन्हे या तिहींची संख्या सारखी हवी.

चौथी पायरी : अंमल. 'एक्झिक्यूट' म्हणताच विधानाचा क्रमांक आणि मूल्ये एवढेच डेटाबेसकडे जातात. मूल्य डि'सूझा असो की मघाचे ते लबाड वाक्य असो, त्याचे व्याकरण आता तपासले जात नाही. ते जसेच्या तसे आडनाव म्हणून शोधले जाते. डिसूझा सापडतात; लबाड वाक्याच्या आडनावाचा सभासद नसल्याने उत्तर रिकामे येते.

पाचवी पायरी : उत्तर घेणे आणि आवराआवर. 'गेट रिझल्ट' या क्रियेने उत्तर घ्यावे आणि काम संपल्यावर 'क्लोज' करावे. सिद्ध विधाने डेटाबेसच्या स्मृतीत जागा अडवितात. एका वेळी अशी किती विधाने असू द्यावीत यालाही मर्यादा असते. मायएसक्यूएलमध्ये ती बदललेली नसल्यास १६,३८२ इतकी आहे.

पीएचपीमध्ये याच कामासाठी 'पीडीओ' नावाचा दुसरा भाग २००५ पासून आहे. तो निरनिराळ्या डेटाबेसांबरोबर चालतो आणि त्यात प्रश्नचिन्हाऐवजी अपूर्णविराम व नाव, उदाहरणार्थ ':आडनाव', अशी खूणही करता येते. मात्र मायएसक्यूएलबरोबर वापरताना पीडीओ, वेगळे सांगितले नाही तर, विधान खरोखर डेटाबेसकडून सिद्ध करून घेत नाही. तो स्वतःच योग्य त्या रेघा घालून मूल्ये बसवितो आणि पूर्ण विधान पाठवितो. जोडणी करताना अक्षरसंच योग्य सांगितला असेल तर हेही काम नीट होते. खरी सिद्धता हवी असल्यास ही नक्कल बंद करण्याची सोय आहे.

६. एकदा जुळणी, अनेकदा छपाई

जुन्या छापखान्यात एकेक खिळा जुळवून मजकूर तयार करीत. जुळणीला वेळ लागे, पण एकदा ती झाली की हव्या तितक्या प्रती भराभर निघत. पूर्वसिद्ध विधानाचेही तसेच आहे. हजार नव्या ग्रंथांची नोंद करावयाची असेल, तर विधान एकदाच सिद्ध करावे, चल एकदाच बांधावेत, आणि प्रत्येक ग्रंथासाठी चलातील मूल्य बदलून फक्त 'एक्झिक्यूट' म्हणावे. मूल्य बांधणीच्या वेळी न वाचता अंमलाच्या वेळी वाचले जाते, म्हणून हे शक्य होते. व्याकरणाची तपासणी हजार वेळा करण्याऐवजी एकदाच होते.

परंतु येथे अतिशयोक्ती करू नये. एकच प्रश्न एकदाच विचारावयाचा असेल, तर सिद्धतेसाठी एक आणि अंमलासाठी एक अशा दोन खेपा पडतात. साध्या रीतीने एकच पडली असती. सिद्ध विधान त्या जोडणीपुरतेच जगते. वेबवरील पान तयार करून पीएचपी प्रोग्रॅम संपला की विधानही संपते, आणि पुढील वाचकासाठी ते पुन्हा सिद्ध करावे लागते. तेव्हा वेग हा या रीतीचा कधीमधी होणारा लाभ आहे. सुरक्षितता हा मात्र नेहमीचा.

७. नवशिक्यांच्या चुका आणि रीतीच्या मर्यादा

पुष्कळजण सवयीने प्रश्नचिन्हाभोवती अवतरणचिन्हे घालतात. तसे केल्यास ती मोकळी जागा न राहता 'प्रश्नचिन्ह' हे साधे अक्षर होते, आणि बांधणीच्या वेळी संख्या जुळत नाही.

प्रश्नचिन्ह फक्त मूल्याची जागा घेऊ शकते. कोष्टकाचे किंवा रकान्याचे नाव त्या जागी चालत नाही. कारण उघड आहे. कोणत्या कोष्टकातून शोधावयाचे हेच ठाऊक नसेल, तर डेटाबेस अर्थ लावणार कशाचा? यादी शीर्षकानुसार लावावी की लेखकानुसार, हे वाचकाने निवडावयाचे असेल, तर मान्य नावांची यादी प्रोग्रॅममध्येच ठेवावी आणि वाचकाची निवड तिच्याशी ताडून पाहावी. अनेक मूल्यांपैकी कोणतेही चालणार असेल तेथे मूल्ये जितकी तितकी प्रश्नचिन्हे लिहावीत.

सिद्धता फसली तर तिकडे दुर्लक्ष करू नये. कोष्टकाचे नाव चुकले असता पूर्वी 'प्रिपेअर' ही क्रिया केवळ नकार परत देई, आणि तो न पाहता पुढे जाणाऱ्या प्रोग्रॅमचा घोटाळा होई. २०२१ साली आलेल्या पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय अशा वेळी आपण होऊन अपवाद उभा करून प्रोग्रॅम थांबवितो.

शेवटची मर्यादा सूक्ष्म आहे. मजकूर एकदा सुरक्षितपणे साठविला म्हणून तो निरुपद्रवी झाला असे नाही. तोच मजकूर डेटाबेसमधून काढून दुसऱ्या विधानात जुन्या रीतीने जोडला, तर भिंत तेथे फुटेल. स्वतःच्या कपाटातून काढलेला कागददेखील मुळात परक्याने लिहिलेला असू शकतो. म्हणून माहिती कोठूनही आलेली असो, ती मोकळ्या जागेतच भरावी.

८. ब्रिटनमधील एक धडा

हे सारे केवळ प्रोग्रॅमरांच्या नीटनेटकेपणापुरते नाही, हे एका घटनेवरून दिसून येते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या डेटाबेसवर एसक्यूएल इंजेक्शनचा हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची खाजगी माहिती परक्यांच्या हाती गेली; त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही होते. ज्या तीन पानांतून शिरकाव झाला, ती कंपनीने २००९ साली दुसऱ्या कंपनीचा व्यवसाय विकत घेताना तिच्याबरोबर आलेली जुनी पाने होती. त्याच वर्षी आधी दोनदा असेच हल्ले झाले होते, पण त्या पानांवर कोणाची देखरेख नव्हती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला.

ज्या युक्तीची जाहीर चर्चा सतरा वर्षांपूर्वी झाली होती, आणि जिच्यावरील उपाय पीएचपीसारख्या भाषेत दहा वर्षांहून अधिक काळ हाताशी होता, तिनेच हे घडविले. उपाय माहीत असणे वेगळे आणि प्रत्येक जुन्या पानापर्यंत तो पोहोचविणे वेगळे. पीएचपीतील मायएसक्यूएलचा मूळ जुना भाग, ज्यात पूर्वसिद्ध विधानांची सोयच नव्हती, तो २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून वगळण्यात आला. तरीही जुन्या आवृत्तीवर चालणारा प्रोग्रॅम कोणी हात लावीपर्यंत जसाच्या तसाच राहतो.

९. समारोप

शाळेच्या पटावरील नाव, ग्रंथालयाच्या सभासदाचा पत्ता, रुग्णालयातील नोंद या गोष्टी लोक विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन करतात. त्या विश्वासाचे रक्षण मोठ्या यंत्रांपेक्षा पुष्कळदा अशा लहान शिस्तीनेच होते. ती शिस्त एका वाक्यात सांगता येते : आज्ञा आपण लिहावी, वाचकाने फक्त मोकळी जागा भरावी, आणि या दोहोंची भेट डेटाबेसने आज्ञेचा अर्थ लावल्यानंतरच व्हावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शब्द जोडून केलेल्या विधानात डि'सूझा या नावाने अडचण का येते? पूर्वसिद्ध विधानात ती का येत नाही?

२. 'स्टेटमेंट इनिट' झाल्यानंतर आणि 'प्रिपेअर' होण्यापूर्वी विधानाची स्थिती कशी असते?

३. एका शाळेला पाचशे विद्यार्थ्यांची नावे व हजेरी क्रमांक डेटाबेसमध्ये भरावयाचे आहेत. कोणत्या पायऱ्या एकदा कराव्या लागतील आणि कोणती पाचशे वेळा?

४. कोष्टकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह का चालत नाही, हे मागणीपत्राच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.

५. आपल्या ग्रंथालयातील किंवा शाळेतील एखादा छापील अर्ज घ्या. त्यातील आज्ञेचा भाग कोणता आणि माहितीचा भाग कोणता, ते वेगळे करून लिहा.